झाडून ठेवलेलं जंगल

जंगलात एकटीने राहण्याची परीक्षा द्यायला मी आलापल्लीला गेले, तेव्हा घुग्घुसच्या बाजारातून कोथिंबीर आणायलाही मला कधी एकटीला पाठवलं गेलं नव्हतं. याचं कारण वाघ नव्हता. कोळशाचे ट्रक होते, शिफ्ट सुटल्यावर अंगावर येणाऱ्या मोटरसायकली होत्या आणि चौकात उभी असणारी, माझ्या वडिलांना ओळखणारी माणसं होती. आमच्या घरात या तिन्हींपैकी शेवटच्यांचं भय सगळ्यांत मोठं होतं.

वडील सिमेंटच्या कारखान्यात. आई सकाळी खिडक्या पुसायची आणि दुपारी त्याच खिडक्यांवर बोटाने चित्र काढता यायचं. मुलगी या धुळीतून इंग्रजी बोलत बाहेर पडेल, असं आईने ठरवलं होतं. म्हणून मला इंग्रजी माध्यमात घातलं आणि घरात ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ या शब्दांवर बंदी आली. आई स्वतः मावशीशी फोनवर तसंच बोलायची, पण मी खोलीत आले की साहेब आल्यासारखं ‘मला’, ‘तुला’ सुरू व्हायचं. याचा परिणाम असा झाला की शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून मी गप्प, आणि कॉलनीत मराठी फारच शुद्ध येईल म्हणूनही गप्प. पुढे गप्प बसणं अंगवळणी पडलं आणि लोक त्याला चांगले संस्कार म्हणू लागले.

बी. एस्सी. झाल्यावर मी अशी नोकरी शोधत होते जिच्यात माणसं नसतील. जंगलाच्या कडेला नव्याने उघडणाऱ्या एका रिसॉर्टला निसर्ग-मार्गदर्शक हवे होते. जेवण, राहायला खोली, आणि खोलीला आतून कडी. मला जंगलाचं प्रेम आहे असं मी अर्जात लिहिलं. खरं तर मला त्या कडीचं प्रेम होतं. मार्गदर्शकाला दिवसभर पाहुण्यांशी बोलावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी जाहिरातीतला फोटो पाहिला होता, त्यात फक्त झाडं होती.

रिसॉर्टची अट होती की उमेदवाराने आधी जंगलात तग धरून राहण्याचं शिबिर पूर्ण करावं. वडिलांची अट त्याहून सोपी होती. शिबिर पार पडलं आणि नोकरी मिळाली, तर जा. नाही मिळाली, तर चंद्रपूरला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा आणि मधल्या काळात पाहुणे बघायला येतील तेव्हा चहाचा ट्रे घेऊन हसऱ्या चेहऱ्याने बाहेर यायचं. वडील हे रागाने म्हणाले नाहीत. ते कारखान्यातले माणूस आहेत. त्यांना प्रत्येक यंत्राला एक चालू आणि एक बंद बटण असतं इतकंच माहीत आहे.

शिबिर घेणारे सर पुण्याकडून आले होते. त्यांच्या पँटला इतके खिसे होते की काडेपेटी मागितली तर ती सापडेपर्यंत विषय बदललेला असायचा. ते जंगलाला जंगल म्हणत नसत, ‘वाइल्डरनेस’ म्हणत. आम्ही तिघे उमेदवार होतो: नागपूरचा एक इंजिनिअर, ज्याला इंजिनिअरिंग सोडून काहीही चाललं असतं, पुण्याची एक मुलगी, जी प्रत्येक गोष्टीच्या आधी डोळे मिटून खोल श्वास घ्यायची, आणि मी.

सरांनी आम्हाला पाणी शोधायला शिकवलं. वाळू, कोळसा आणि कापड यांचे थर लावून गढूळ पाणी गाळायचं. हे चालू असताना तंबूच्या मागच्या हापशीवर गावातल्या बाया पाणी भरत होत्या आणि हापशीच्या करकरीमुळे सरांना मधून मधून थांबावं लागत होतं. एकदा त्यांनी इंजिनिअरला पाठवून ‘थोडा वेळ पाणी भरू नका’ असा निरोप दिला, कारण पाणी कसं मिळवायचं हे आम्हाला नीट ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी काटक्या घासून आग काढायला शिकवलं. सकाळ त्यातच गेली. शेवटी आग लागली ती इंजिनिअरच्या लायटरने, पण सर त्या वेळी दुसरीकडे बघत होते आणि वळल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाण्याजोग्या वनस्पतींचा धडा त्यांनी एका परदेशी पुस्तकावरून घेतला. त्या पुस्तकातली एकही वनस्पती इथे उगवत नाही, त्यामुळे विषबाधेचा प्रश्न आला नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे ‘सोलो’. एका दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपापल्या जागी एकटं राहायचं. नियम कडक होते. ठरवून दिलेल्या जागेबाहेर पाऊल टाकायचं नाही. माणसाशी बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. कोणी दिसलंच तर नजर वळवायची. माणूस कंटाळून निघून जातो. अन्न स्वतः मिळवलं तर ते खास कौतुकाचं. गळ्यात एक शिट्टी. ती वाजली की मदत येणार आणि परीक्षा संपणार. या भागात सध्या वाघाचा माग नाही, हे वनरक्षकाने सांगितलं होतं. सरांनी ते आम्हाला सांगितलं नाही. वाघाशिवाय एकटेपणाला वजन येत नाही, असं त्यांचं मत असावं.

माझी जागा निवडताना सर फार खूश झाले. चहूकडे सागाची वाळकी पानं गुडघाभर पडलेली, आणि मध्येच एका मोठ्या झाडाखाली जमीन एकदम स्वच्छ. गोल, नीट, झाडाच्या फांद्या जिथपर्यंत पोचतात बरोबर तिथपर्यंत. कडेला थोडी काळी राख. सर म्हणाले, हा नैसर्गिक वणवा. पाहा, निसर्ग स्वतः मुक्कामाची जागा तयार करून देतो, फक्त वाचता आलं पाहिजे. मला ती जागा आईने पाहुण्यांसाठी झाडलेल्या अंगणासारखी वाटली. निसर्ग इतका टापटिपीचा असेल असं वाटलं नव्हतं. पण मी काही बोलले नाही. मी अशा वेळी बोलत नाही, आणि सरांनाही ती सवय आवडायची.

ती दुपार माझ्या आयुष्यातली फार चांगली दुपार होती. कोणी काही विचारलं नाही. मी ताडपत्री फांदीला बांधली, ती वाकडी झाली, तरी कोणी ती सरळ करायला आलं नाही. सरांनी मनन करायला सांगितलं होतं. मी नखं कापली. रात्रीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी घाबरले, आणि बराच वेळ घाबरून झालं की त्याचाही कंटाळा येऊन झोप लागते.

पहाटे ताडपत्रीवर टप टप असं काही पडू लागलं. उजाडल्यावर पाहिलं तर फुलं. फिक्या पिवळ्या, रसरशीत, लहान दिव्यांसारख्या पाकळ्यांची. झाड मोहाचं होतं. मोहाबद्दल मी प्राणिशास्त्राच्या वर्गात बसून शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गातून ऐकलं होतं. ताडपत्रीच्या झोळात फुलांचा ढीग झाला होता. मी तो हाताने ओढून माझ्या भांड्यात भरला आणि मूठभर खाल्ली. आधी गोड, मग फार गोड. स्वतः मिळवलेलं अन्न. मला वाटलं, वडिलांना हे दाखवायला हवं होतं.

तेवढ्यात आवाज आले. दुरून, जंगलाला झोपेतून उठवतील अशा आवाजात कोणी तरी कोणाच्या तरी नणंदेबद्दल बोलत येत होतं. मग झाडांमधून तीन बाया बाहेर आल्या, डोक्यावर बांबूच्या टोपल्या घेऊन: एक रुंद खांद्यांची, टॉवेल डोक्याला बांधलेली मोठी सून, तिची धाकटी जाऊ, आणि दोघींची सासू. त्या माझ्या ताडपत्रीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी नियमाप्रमाणे नजर वळवली आणि एका फांदीकडे पाहू लागले.

माणूस कंटाळून निघून जातो, हे सर पुण्याच्या माणसांबद्दल बोलले असणार. या तिघी टोपल्या खाली ठेवून सोयीने बसल्या आणि मी तिथे नसल्यासारखी माझी चर्चा सुरू झाली. जावेने विचारलं, ही जंगल खात्याची तर नाही, वाघ मोजायला आलेली? मोठीचं म्हणणं पडलं की खात्याची माणसं कधी एवढ्या सकाळी येतात का? मग मी मुकी असावी असं निघालं. त्यावर मोठी म्हणाली, मुकीच्या पायात असे बूट कुठून येतील? सासू इतका वेळ माझ्याकडे बारकाईने बघत होती. तिने निकाल दिला.

“पोट्ट्यासंगं पळून आली आहे. पोट्टा म्हने, थांब, पानी आनतो. अन् गेला गावाले.”

हे तिघींनाही पटलं. जाऊ चुकचुकली. मोठीची नजर माझ्या भांड्यावर गेली. ती उठली, भांडं उचललं आणि माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहून विचारलं, “झाड कोनाचं आहे, मालूम आहे का तुले?”

जंगलात झाड कोणाचं असतं, हा प्रश्न शिबिरात आला नव्हता. मी फांदीकडे पाहत राहिले. तिने माझा नाश्ता स्वतःच्या टोपलीत ओतला, भांडं पदराने पुसून परत ठेवलं, आणि मग तिघींनी माझं काय करायचं ते ठरवलं. पोरीला इथे टाकून जाणं बरं नाही. गावात न्यायचं, पोलीस पाटलाच्या घरी बसवायचं, घरच्यांना फोन लावायचा. जावेने माझा दंड धरला आणि मायेने मला ओढायला लागली. मी एका हाताने झाडाचं खोड धरलं. त्या राखेच्या कडेबाहेर माझा पाय पडला की परीक्षा संपली, मग चंद्रपूरचा क्लास आणि चहाचा ट्रे. बोलले तरीही परीक्षा संपली. दोन्ही प्रकारे नापास व्हायचं तर जागेवर राहून व्हावं, असा मी विचार केला, आणि तोंड उघडलं.

“मले नाई जायचं,” मी म्हणाले.

ते शब्द कुठून आले मला माहीत नाही. इंग्रजी तर आलंच नाही, आईने घासून दिलेली मराठीही आली नाही.

“बोलते व हे,” जाऊ म्हणाली.

“अन् आपल्यासारखी बोलते,” सासू म्हणाली. तिला जरा निराशा झाली होती. पळून आलेली पोरगी निदान लांबची असावी, असं तिला वाटत असणार.

मग मला सगळं सांगावं लागलं. मी पळून आलेले नाही. मला इथे आणून ठेवलं आहे. मी एकटं राहायला शिकते आहे. हे वाक्य त्या भाषेत फारच विचित्र वाटतं. जावेने दोनदा विचारलं की एकटं राहायला शिकावं लागतं का, आणि त्याची फी असते का. फी असते म्हटल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मले भरती कर व तिथी. माह्या घरी संडासातही एकटं बसू देत नाई. बाहेरून आवाज देतेत, मीठ कुठी आहे म्हून.”

मोठीला या गप्पांत रस नव्हता. ऊन चढायच्या आत फुलं वेचून व्हायला हवी होती. तिने मला थोडक्यात कायदा सांगितला. गावाजवळच्या जंगलातली मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. हे तिच्या घरचं. फुलं धरायच्या आधी तिने खालचा पाला जाळून, झाडून जागा साफ केली होती, म्हणजे पडलेलं फूल दिसावं. म्हणजे सरांनी वाचलेला निसर्ग हा होता: टॉवेल बांधून, हातात खराटा घेऊन दोन दिवस राबलेला. त्या जागेवर मी ताडपत्री पसरून अर्धी फुलं वरच अडवली होती आणि उरलेली बुटांनी तुडवली होती.

“बस इथीच, कोन नाई म्हनते,” ती म्हणाली. “पन ताडपत्री काढ अन् येच. रिकामी नको बसू.”

अशा रीतीने माझ्या एकटेपणाची सकाळ मी तीन बायांबरोबर ओणवी होऊन मोहफुलं वेचण्यात घालवली. मी वाईट वेचत होते. मातीसकट उचलते म्हणून, चिरडते म्हणून, आणि मग फारच हळू उचलते म्हणून बोलणी खाल्ली. त्या सबंध वेळ मोठमोठ्याने बोलत होत्या. सासू म्हणाली की जंगलात आवाज करत राहावं, म्हणजे जनावर वाटेतून बाजूला होतं. जाऊ म्हणाली की सासूबाई घरातही असंच बोलतात आणि तिथे तर कधी मांजरही बाजूला झालं नाही.

मधून मधून पलीकडच्या झाडांवरून हाका येत होत्या, आणि त्यातून मला बाकीच्या परीक्षार्थींची खबर कळली. इंजिनिअर शेजाऱ्यांच्या झाडाखाली रडत सापडला होता. त्याला आंबील पाजली, मग तो शांत झाला, आणि आता वेचतो आहे. हात चांगला आहे म्हणे. पुण्याची मुलगी मात्र डोळे मिटून मांडी घालून बसली होती आणि हलायलाच तयार नव्हती. त्या झाडाच्या मालकिणीने थोडा वेळ वाट पाहिली, मग तिच्या मांडीत पडलेली फुलंही वेचून घेतली.

माझं लग्न, जात, पगार, आईची तब्येत हे सगळं विचारून झालं. मी उत्तरं देत गेले. कॉलेजच्या तीन वर्षांत मी जेवढी बोलले नसेन तेवढी त्या सकाळी बोलले, आणि मान खाली, हात मातीत असले की बोलणं तितकं अवघड जात नाही असं दिसलं. वडिलांची अटही मी सांगून टाकली. ऐकून मोठी थांबली. मी नापास झाले तर काय होईल, हे तिने एकदा नीट विचारून घेतलं. निघताना टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली की कोणी विचारलं तर आम्ही इथे आलोच नाही. जावेने मान हलवली. सासू म्हणाली की ती मात्र गावात सांगणार, तिला पोटात काही राहत नाही.

त्या गेल्यावर मी पुन्हा एकटी झाले. दुपारनंतरचं ते एकटेपण जरा लांबलं असं मला वाटलं, पण तो उन्हाचाही दोष असेल.

संध्याकाळी आम्हाला तंबूसमोर गोल बसवलं. रिसॉर्टच्या मॅनेजर मॅडम खास आल्या होत्या. सुती कपडे, मोठं कुंकू, हातात बांबूच्या झाकणाची पाण्याची बाटली. प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा होता. इंजिनिअरने सांगितलं की इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. बोलताना तो नखांमधली माती काढत होता. पुण्याची मुलगी म्हणाली की सकाळी कोणी तरी तिला हळुवार स्पर्श केला, आणि तिला कळलं की ते जंगल होतं. सरांचे डोळे ओले झाले. मॅडमनी मान तिरकी करून दाद दिली.

मग माझी पाळी. एक वाक्य पुरे होतं. खरं तर एकही नको होतं. मी नुसती गप्प बसले असते तर सरांनी ते माझं परिवर्तन समजून पुढची व्यवस्था केली असती. पण सरांनी सरळ विचारलं, कोणी भेटलं का?

“बायका आल्या होत्या, सर,” मी म्हणाले. “सकाळभर होत्या. मी बोलले त्यांच्याशी.”

इंजिनिअरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने परीक्षा हॉलमध्ये कॉपी एकट्याची पकडली गेली की बाकीचे बघतात. सरांनी आधी मॅडमकडे पाहिलं. माझी परीक्षा रद्द केली तर बाकी दोघांची तपासावी लागणार, आणि मॅडम तर समोरच बसलेल्या.

“कोण बायका? ट्रेकर्स?”

“नाही. गावातल्या.”

“अच्छा, लोकल्स.” सरांचा चेहरा मोकळा झाला. “मग ठीक आहे. लोकल्स आपण धरत नाही. ते जंगलाचाच भाग असतात. यू वेअर अलोन. पास.”

झालं होतं. मी पास होते. नोकरी, खोली, कडी. मी तिथेच थांबायला हवं होतं.

“सर, मी घुग्घुसची आहे,” मी म्हणाले. “मीपण लोकलच आहे. मग मलाही धरता येणार नाही. त्या झाडाखाली कोणीच नव्हतं असं होईल.”

मी विनोद करत नव्हते. मला खरंच हिशोब लागत नव्हता. पण मॅडम हसल्या, आणि सर लाल झाले, आणि त्यांनी सगळ्या खिशांवरून हात फिरवला, जणू उत्तर एखाद्यात ठेवलं होतं. मग ते म्हणाले की एकांत ही मनाची अवस्था असते आणि माझी अवस्था अजून आलेली नाही, तेव्हा नापास. इंजिनिअर एकाएकी म्हणाला, “आंबील चांगली होती पण.” पुण्याच्या मुलीने डोळे मिटून घेतले.

मॅडमना आता वेगळीच काळजी लागली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. झाडांना मालक असतात? सगळ्यांना? मी सांगितलं, मोहाच्या. बाकीचं मला माहीत नाही. त्यांनी कपाळ दाबलं. पुढच्या हंगामासाठी त्यांनी पाहुण्यांकरता ‘एकांत’ नावाची योजना आधीच जाहीर केली होती: मोठ्या शहरातल्या थकलेल्या माणसांना जंगलात एकटं ठेवायचं. जागाही याच, सरांनी निवडलेल्या. तिथे पहाटे बाया नणंदेबद्दल बोलत आल्या तर कसं होणार? मग त्यांनी माझ्याकडे नव्याने पाहिलं. तू त्यांच्या भाषेत बोलतेस. तू गावात जा आणि पाहुणे असतील त्या सकाळी येऊ नका, असं समजावून ये. ते जमलं तर सरांच्या शेऱ्याकडे त्या बघणार नाहीत; खोली माझी.

रात्री वडिलांचा फोन आला. नोकरी लागली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लागेलसं वाटतं, फक्त त्याआधी काही लोकांना त्यांच्या झाडाखालून उठवायचं आहे. वडील म्हणाले, असतं ते सगळ्याच नोकऱ्यांत. मग आई फोनवर आली आणि मी जेवले का विचारू लागली, आणि मी ‘जेवली न’ म्हणाले. आईने लगेच ‘जेवले’ असं दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. मोठीच्या अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती आणि सबंध घराला आंबूस गोड वास होता. मला बसायला पाट दिला, चहा दिला. निरोप कसा द्यायचा याची मी वाटेत इंग्रजीत तयारी केली होती, पण ती कामाची नव्हती. मी जसा होता तसा सांगितला. मॅडमचं म्हणणं असं आहे. मी हे सांगितलं तर मला नोकरी मिळते. म्हणून सांगते आहे.

जावेने आधी हे विचारलं की हे पाहुणे येऊन करणार काय. काही नाही, मी म्हटलं, एकटे बसणार. त्यासाठी ते पैसे देणार? हो. किती, ते मी सांगितल्यावर ती उठून आत गेली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. सासूने विचारलं की त्या बिचाऱ्यांना घरचे कोणी नाहीत का.

मोठी हसली नाही. ती फुलांवरून हात फिरवत होती. फुलं पाहुण्यांसाठी थांबणार नाहीत. एक सकाळ न वेचलेलं फूल हरणं खातात नाही तर सडतं. तिने तशी तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं, आणि मग माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, ती आता मला अंगणाबाहेर काढेल. मी चहाचा कप खाली ठेवला. ती मनात हिशोब करत होती, आणि तो माझ्या नोकरीचा नव्हता. त्या वर्षी तिची पोरगी बाळंतपणाला येणार होती, म्हणजे पुढच्या हंगामात घरात तान्हं असणार आणि वेचायला हात कमी पडणार होते.

“येऊ दे न त्यायले,” ती शेवटी म्हणाली. “पन माह्या झाडाखाली जो बशीन, त्यानं येचाचं. सांग तुया मॅडमले.”

आणि एक अट तिने स्वतःहून घातली: आम्ही पाहुण्यांशी एक शब्द बोलणार नाही. तुमचा एकटेपणा मोडायला नको.

नकार घेऊन जाणं सोपं असतं, ही तर उलटी मागणी होती. पण मॅडमसमोर बसल्यावर मी ते इंग्रजीत मांडलं, आणि मांडता मांडता त्याचं रूप बदलत गेलं. ओणवं होणं हे भूमीशी नातं झालं. फुलं वेचणं ही परंपरेतली हातांची साधना झाली. टोपली भरून मालकिणीला देणं म्हणजे अर्पण. माझ्या शाळेच्या फीचा उपयोग काय, हा प्रश्न आई मला अधूनमधून विचारायची. तो बहुधा हाच, वाकण्याला महाग करून दाखवणं. मॅडमनी वही काढली. ‘आदिवासी भगिनी’ असं काही लिहू लागल्या. मी म्हटलं, त्या आदिवासी नाहीत, तलावात मासे धरणारं आणि धान लावणारं घर आहे. त्या म्हणाल्या, ते पाहुण्यांना लांब पडेल. शेवटी ‘स्थानिक’वर तडजोड झाली.

मला खोली मिळाली. कडी लोखंडी आहे, पावसात अडकते. सर अजून शिबिरं घेतात. आता ते नव्या उमेदवारांना सांगतात की जागा निवडताना नेहमी मालकीचं झाड निवडावं, त्यात समाजाशी संवाद असतो. इंजिनिअरनेही नोकरी घेतली होती, पण पाहुण्यांना शांततेबद्दल सांगून सांगून तो कंटाळला आणि परत इंजिनिअरिंगकडे गेला. मी पहाटे उठते, पाहुण्यांना झाडांवर सोडते, दिवसभर बोलते आणि कडी लावून झोपते.

या हंगामात मोठीच्या झाडाखाली मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब आले होते. पोट सुटलेलं, पण नेटाचा माणूस. पहाटेपासून गुडघ्यांवर रांगत एकेक फूल उचलत होते, मातीशिवाय, देठ न चिरडता. बाया दिल्या शब्दाला जागून त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलत होत्या, मोठमोठ्याने, त्यांच्या डोक्यावरून. सासूचं म्हणणं होतं की याची बायको याला जेवायला देते पण बोलत नसावी. जावेला त्यांची पँट आवडली होती. मोठीने त्यांची टोपली उचलून पाहिली, वजनाचा अंदाज घेतला, आणि मला म्हणाली, “हा बरा आहे. याले उद्याही ठेव.”

साहेबांनी घाम पुसत हळू आवाजात मला विचारलं की त्या काय म्हणाल्या.

मी म्हटलं, त्यांना तुमच्यात काही तरी दिसलं आहे.

त्यांनी झाडाला हात जोडले. मग त्यांनी मुक्काम एका दिवसाने वाढवला.